चाळीस फेऱ्या

तपासणी प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राचे चालक मास्तर म्हणून ओळखले जात. कुणाला शिकवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते. पण सही करण्याआधी प्रत्येक कागद तीनदा वाचायचा, आणि वाचताना ओठ हलवायचे, एवढ्या भांडवलावर ही पदवी त्यांच्याकडे चालत आली होती.

काम सांगायला सोपं होतं. चिमूटभर भुकटी पट्टीवर चिकटवायची, पोलादी कोठीत सरकवायची, आतली हवा पंपानं काढून घ्यायची आणि भुकटीवर क्ष-किरण सोडायचे. मग पडद्यावर रेघ उमटे आणि तिला उंचवटे येत. कुठला उंचवटा कुठे आला, यावरून भुकटीच्या वरच्या थरात काय आहे ते कळे. एका फेरीत रेघ खडबडीत येते. फेऱ्या वाढवून सरासरी काढली की गुळगुळीत होते. बाकीचे चार-पाच फेऱ्यांवर भागवत. मास्तर चाळीस घेत.

"मास्तर, नमुना तपासताय की मुरत घातलाय?" पंप दुरुस्त करणारा विचारी.

"घाईनं बघायचं तर यंत्र कशाला? डोळे आहेत की," मास्तर म्हणत.

नऊ वर्षांपूर्वी एका कारखान्याचा पांढरा क्षार त्यांच्याकडे आला. परक्लोरेट. संकटातली जहाजं आकाशात लाल उजेडाची नळकांडी सोडतात, त्यांत तो भरतात. त्यामुळे तो शुद्ध असावा लागतो. मास्तरांनी सकाळपासून सहा तास चाळीस फेऱ्या घेतल्या आणि लिहिलं, क्षार काही अंशी विघटित झालेला आहे. नमुन्यावर फक्त क्रमांक होता. तो माल ज्या विभागात वाळवला, त्याचा प्रमुख म्हणजे आपला सख्खा थोरला भाऊ, हे त्यांना आठवड्यानं कळलं, दादा स्वतः दारात येऊन उभा राहिला तेव्हा.

"अरे, माझ्या हाताखालून गेलाय तो माल. स्वच्छ होता."

"दादा, चाळीस वेळा बघितलंय मी. यंत्राला नाती कळत नाहीत."

हे वाक्य मास्तरांना इतकं आवडलं, की पुढे महिनाभर ते त्यांनी कचेरीत निरनिराळ्या लोकांना ऐकवलं. दादाची बदली फाटकाजवळच्या वजनकाट्यावर झाली. निवृत्त होईपर्यंत तो ट्रकांची वजनं लिहीत बसला. धाकट्याशी तो त्यानंतर "बरा आहेस ना" याच्या पलीकडे बोलला नाही. दोन वर्षांपूर्वी गेला.

यंदा दुसऱ्या विभागातून एक बाई बदलून आल्या. पन्नाशीच्या, घाईच्या. दोन फेऱ्या झाल्या की नमुना बाहेर.

"बाई, दोन फेऱ्यांत काय दिसतं हो?" एका परक्लोरेटच्या चाळीस फेऱ्या संपवताना मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या फेरीत जे नव्हतं ते तुमच्या चाळिसाव्या फेरीत दिसतंय, मास्तर. क्षार तोच आहे. मधल्या वेळात आत कोण जाऊन आलं?"

आत क्ष-किरणांखेरीज कोणी गेलं नव्हतं. त्यांच्या माऱ्यानं क्षारातला ऑक्सिजन सुटतो आणि क्षार मोडत जातो. हे मास्तरांनी वाचलेलं होतं. पुस्तकात "नाजूक पदार्थांबाबत" असं लिहिलं होतं, आणि दादाचा क्षार नाजूक असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

यंत्र प्रत्येक फेरी वेगळी जपून ठेवतं. मास्तरांनी नऊ वर्षांपूर्वीची नोंद उघडली. पहिल्या फेरीत एकच उंचवटा होता, शुद्ध परक्लोरेटचा. दहाव्या फेरीत शेजारी एक फुगवटा. चाळिसाव्यात दोन, ठसठशीत. सरासरीत सगळं एकजीव झालं होतं.

सुधारित अहवाल त्यांनी कारखान्याला पाठवला. तिथे मालक बदलले होते. पोच आली, उत्तर नाही. एक प्रत घेऊन ते रविवारी वहिनींकडे गेले.

"वहिनी, दादाचा माल स्वच्छ होता. चूक माझी."

वहिनींनी चष्मा लावून सगळं वाचलं. "म्हणजे तुम्ही बघत होतात, म्हणून ते बिघडलं?"

"हो. फार वेळ बघितलं म्हणून." मास्तर थांबले. "सात वर्षं राग धरला त्यानं. बरोबरच होतं त्याचं."

"राग कसला, भाऊजी? लाज वाटायची त्यांना तुमच्यासमोर. पहिला महिना भांडले, माझ्याशी, भिंतीशी. मग एक दिवस म्हणाले, धाकट्यानं चाळीस वेळा बघितलंय, त्याचं नाही चुकायचं. माझंच काहीतरी राहिलं असणार. मग वह्या काढून बसायचे. भट्टी जास्त तापली का, पिंप उघडं राहिलं का. दवाखान्यात शेवटी शेवटी तेच. मला विचारायचे, झाकण लावलं होतं ना गं मी?"

"मग? काय म्हणालात तुम्ही?"

"मी काय म्हणणार? मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, राहिलं असेल एखाद्या वेळी. माणूसच आहे." त्यांनी चष्मा काढला. "मान हलवली त्यांनी. पुन्हा नाही विचारलं."

वहिनींनी अहवालाची घडी घातली.

"असं म्हणायला नको होतं मी."

"तुम्हाला काय माहीत, वहिनी."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं."

अशी त्या दोघांनी एकमेकांना माफी देऊन टाकली. तसा तो अधिकार दोघांपैकी कोणाचाच नव्हता. पण ज्याचा होता, तो घरात नव्हता.