गुलाबसिंगच्या हातचा गीझर

बोरी अरबपासून कळंबपर्यंत कुणाच्या घरी नवं बाथरूम निघालं की गुलाबसिंग राठोडला निरोप जायचा. फरशी, नळ, बेसिन, स्वयंपाकघरातला ओटा, सगळं तांड्यावरचा हा गडी एकहाती करायचा, आणि करताना तोंडाची टकळी चालूच. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते गीझरमुळे. गीझर म्हटला की नळाला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्याच, हे लोकांनी गृहीतच धरलेलं. गुलाबसिंगने बसवलेल्या गीझरला त्या येत नसत. नव्या गिऱ्हाइकासमोर तो ओल्या हाताने नळ धरायचा आणि म्हणायचा, "पाहा! माह्या गीझरनं अजून कोनाले गुदगुली बी केली नाही."

विजेचं काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "वायरमन कायले बोलावता, तुमीच द्या लावून," म्हणणारी माणसं भेटत गेली आणि नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. युक्ती साधी होती. घराला अर्थिंग नसलं की सॉकेटमधलं वरचं मोठं भोक रिकामंच राहतं. तिथून वायरचा एक तुकडा तो आतल्या आत न्यूट्रलला, म्हणजे करंट नसलेल्या तारेला, जोडून द्यायचा. झिणझिण्या बंद! दारव्ह्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडून उचललेल्या या कलेचा त्याला भारी अभिमान. कळंबला दिलेल्या लेकीच्या, संगीताच्या घरी त्याने हौसेने असाच गीझर बसवून दिला. तो पाहून तिच्या गल्लीतल्या घराघरांनी त्याच्याकडूनच बसवून घेतले.

त्यामुळे यवतमाळला किचन-बाथरूमच्या फिटरांसाठी विजेच्या सुरक्षिततेचं शिबिर आहे, हे ऐकून त्याला हसू आलं. आपण जेवणासाठी आणि फुकटच्या टेस्टरसाठी चाललो आहोत, हे त्याने बायकोला सांगूनही टाकलं. निघता निघता संगीताचा फोन आला.

"बा, रात्री वाऱ्यानं खांबावरची तार तुटली. लाइट नाही. वायरमन येऊन राह्यला म्हनते. लाइट आली का पहिले आंघोळ करतो, मंग बोलतो. फोनची बॅटरी बी संपत आली."

शिबिरात शिकवणाऱ्या संघदीप सरांनी टेबलावर गीझर ठेवला, सॉकेट उघडलं आणि त्यात नेमका तसाच वायरचा तुकडा जोडला. गुलाबसिंगने शेजारी बसलेल्या शाम फिटरला कोपर मारलं. "पाह्यलं? माहीच कला शिकवून राह्यले."

"याने झिणझिण्या जातात," सर म्हणाले. "म्हणून आपल्याला वाटतं, काम झालं. आता समजा, खांबावरची तार तुटली आणि घाईत ती उलटी, म्हणजे करंटची तार न्यूट्रलच्या जागी, जोडली गेली." त्यांनी मागे दोन तारांची अदलाबदल केली आणि बल्बची एक वायर गीझरच्या पत्र्याला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब भगभगीत पेटला. "आता पत्र्यात, नळात, पाण्यात पूर्ण करंट आहे. ओल्या अंगाने नळ धरलेला माणूस सुटत नाही."

गुलाबसिंगला संगीताचा निघतानाचा फोन आठवला. त्याने संगीताला फोन लावला. बंद. जावई भावसिंग शेतावर, त्याचा लागेना. सर काहीतरी विचारत होते, तोवर गुलाबसिंग शिबिरात मिळालेला टेस्टर मुठीत धरून बाहेर पडलाही होता.

कळंबचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. गाडी चालवताना त्याची नजर तारांवर. वाटेत एका हॉटेलातला पंखा फिरताना दिसला आणि त्याने गाडी आणखी दामटली. इथे लाइट आहे, मग तिथे? उभ्या जन्मात लाइट येऊ दे म्हणून देवाला हात जोडणारा माणूस, आज सेवालाल महाराजांना विनवत होता, लाइट येऊ देऊ नको. लेकीला आपणच, आपल्या हौसेने, मरण बसवून दिलं होतं. गाडीवरच त्याला रडू फुटलं. कळंबात चतुर्थीमुळे चिंतामणीच्या दर्शनाला गर्दी लोटलेली. हॉर्न दाबत, शिव्या खात तो गल्लीत शिरला.

दारात विहीणबाई डाळ निवडत होत्या. "इवाई, असे काहून घाबरले?"

"संगीता कुठी हाय?"

"न्हानीत. लाइट नाही, तं बादल्या भरून ठेवून राह्यली."

त्याने न्हाणीच्या दारावर दोन्ही हात आपटले. "नळ सोड! बाहेर ये, बाई, पहिले बाहेर ये!"

संगीता ओल्या हातांनी, भेदरून बाहेर आली. तिला बाजूला सारून तो आत घुसला. मेन स्विच बंद करायचंही त्याला सुचलं नाही. टेस्टरनेच त्याने सॉकेट उघडलं, तो वायरचा तुकडा उपटला आणि ओल्या फरशीवरच बसकण मारली.

"बा, काय झालं?"

"माह्या हातानं तुले मारून बसलो असतो, माय."

तिला काहीच कळेना. ती त्याचे डोळे पुसायला वाकली, तेवढ्यात ओट्यावरचा रेडिओ ओरडायला लागला. लाइट आली होती. गुलाबसिंगने उठून टेस्टर न्यूट्रलच्या भोकात घातला. तिथे दिवा लागायला नको होता. लागला. वायरमनने तारा उलट्याच जोडल्या होत्या.

बाहेर सगळ्या गल्लीने एकच गलका केला, "आली रे आली!" रात्रभर अंधारात काढलेली माणसं, पोरं टाळ्या पिटत होती. भिंतीपलीकडून शेजारच्या तुळसाबाईंनी खुशीत हाक मारली, "संगीता, आली वं लाइट! मी जातो पहिले न्हायले!"

तुळसाबाईंचा गीझर त्याच्याच हातचा. समोरचा त्याच्याच हातचा. कोपऱ्यावरचाही.

"थांबा! नळाले हात लावू नका!" ओरडत गुलाबसिंग गल्लीत धावला. पण लाइट आल्याच्या आनंदात त्याचं ओरडणं कुणाच्या कानी जाईना, आणि तुळसाबाईंच्या न्हाणीचं दार आतून लागलेलं होतं.