सैल झगा

आमच्या सासूबाई शिंपीण. टेपपलीकडे त्यांचा कशावर विश्वास नाही. माझ्या धाकट्या जावेला मूल होईना, म्हणून इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरांनी बजावलं, "स्त्रीबीजं फार वाढलीत. शेवटचं इंजेक्शन या वेळी नको, जिवावर बेतेल."

"यांना आपल्याला आणखी पिळायचंय," म्हणत सासूबाईंनी फ्रीजमधलं ते इंजेक्शन स्वतःच तिला टोचलं.

आठवडाभरात पोट टम्म फुगलं. नुसतं पाणी. पोरीला धाप लागली, लघवी बंद झाली. सासूबाई पोटाला टेप लावून खूश. "इंजेक्शनाचा गर्भ आहे, लवकर दिसणारच." दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही, सैल झगा शिवायला घेतला.

पोरगी गेली. फुगलेल्या अंगावर दुसरं काही चढेना, म्हणून तोच झगा घातला. सासूबाईंनी त्याची चुणी सारखी केली आणि मला म्हणाल्या, "बघ, माप चुकलं नाही."