आईच्या वडिलांचं बेट

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडवर इंदूरच्या बसमध्ये मी बसले, तरी माझा धाकटा भाऊ शेखर खिडकीखाली उभा राहून समजावतच होता.

"ताई, अजून सोच. घुमायचंच आहे तर केरळला जा. ज्वालामुखीच्या बाजूला जाऊन राहायचं हा काय शौक आहे?"

"आयुष्यभर फळ्यावर ज्वालामुखी काढून मुलींना शिकवला," मी म्हटलं. "एकदा खरा बघू दे की." तेवढ्यात बस सुटली आणि वाद आपोआप मिटला.

ज्वालामुखी हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं माधवनगरच्या घरात खिडकीशी बसलं होतं. माझी आई, वय चौऱ्याऐंशी. ती पाळण्यात असताना तिचे वडील फौजेत भरती होऊन सिंगापूरला गेले. तिथे जपान्यांच्या कैदेत सापडले आणि पुढे इतर हिंदी कैद्यांबरोबर जहाजात भरून त्यांना पापुआ न्यू गिनीमधल्या न्यू ब्रिटन बेटावर, रबाऊलला, मजुरीला नेलं. लढाई संपल्यावर ते वारल्याची तार आली. माझ्या आजीने ती मानलीच नाही. "कोणी पाहिलं?" एवढंच म्हणाली आणि मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. मग श्राद्ध तरी कसं होणार? आईने तर त्यांना कधी वडीलही म्हटलं नाही. विषय निघालाच तर "आमच्या आईचा नवरा" म्हणायची आणि भाजी निवडायला घ्यायची.

शेखरच्या मुलाने, अनिकेतने, मोबाईलवर शोधून काढलं की रबाऊलजवळच्या बिटा पाका या गावी युद्धातल्या सैनिकांचं स्मशान आहे आणि तिथे आमच्या आजोबांच्या नावाची पाटी आहे.  ते ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "कोणी डोळ्यांनी पाहून येईल तर मी त्यांना पाणी देईन. मी गेल्यावर कोण देणार आहे?" झालं. मी पासपोर्ट काढायला टाकला.

सिंगापूरला विमान बदललं. आजोबाही इथूनच पुढे गेले होते, पण मी खिडकीची जागा मागून घेतली होती आणि हातात कॉफी होती. पोर्ट मोर्सबीला उतरल्यावर मात्र माझा तोरा उतरवणारा माणूस भेटला. सामान तपासणाऱ्या साहेबाने माझ्या बॅगेतून काळे तीळ, जव आणि दर्भाची जुडी बाहेर काढून टेबलावर मांडली.

"हे गवत कशासाठी?"

"आजोबांसाठी."

"आजोबा कुठे आहेत?"

"इथेच. तुमच्याकडे. ऐंशी वर्षं झाली."

त्याने मान हलवली, फार हळहळला, आणि सगळं जप्त केलं. बाहेरच्या बिया आणि गवत त्यांच्या देशात चालत नाही. भूगोलाच्या बाईंना हे आधी सुचायला हवं होतं, पण दर्भ म्हणजे गवत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आईला फोन लावला तर ती उलट खूष. "अगं, तीळ उज्जैनमध्ये काय कमी आहेत? मी रामघाटावर बसते. तू तिथून बस फोन धर, मला जागा दिसली पाहिजे. परेशान नको होऊ."

दुसऱ्या दिवशी छोट्या विमानाने कोकोपोला पोचले. खाली समुद्र इतका निळा, की आपल्याकडे कोणी असा निळा रंग चित्रात दिला असता तर मी मार्क कापले असते. त्यातून सरळ वर उठलेले हिरवेगार डोंगर आणि एका राखाडी डोंगरावर रेंगाळणारा धूर. गाडी घेऊन आलेले गृहस्थ पन्नाशीचे, नाव जोना, तोलाई जमातीचे. दात सुपारीने लालभडक. इथे सुपारीला बुआई म्हणतात आणि चुन्याबरोबर दिवसभर चघळतात. त्यांनी मलाही देऊ केली. मी म्हटलं, "आमच्याकडे यात पान असतं, कात असतो, गुलकंद असतो." जोनांनी त्या सगळ्याला काय लागतं ते विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "मग सुपारी कशाला घालता?"

जुनं रबाऊल हे एके काळी देखणं बंदर. तीसएक वर्षांपूर्वी तावुर्वुर हा ज्वालामुखी फुटला आणि शहराचा मोठा भाग राखेखाली गेला. लोक कोकोपोला येऊन वसले. आज तिथे राख भरलेल्या रस्त्यांवर झाडी माजली आहे आणि मधूनच एखादा जिना वर जातो, पण वर घर नसतं. तावुर्वुरच्या पायथ्याशी समुद्राचं पाणी उकळतं, गंधकाचा वास नाकात बसतो. इथली माणसं त्याला माउंटन पाया (आगीचा डोंगर) म्हणतात. एक जंगली पक्षी तिथल्या गरम रेतीत अंडी पुरून निघून जातो, उबवायचं काम डोंगर करतो. ती अंडी खणून विकणाऱ्या बायकांनी मलाही आग्रह केला. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी मला भाजलेलं रताळं दिलं, पैसे मात्र घेतले नाहीत. वाफाळणाऱ्या डोंगराकडे बघत मी ते सालासकट खाल्लं. इतकी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

परतताना जोनांनी गाडी एका टेकडीपाशी थांबवली. टेकडीत जपान्यांनी खणवलेला बोगदा होता. आत गंजलेल्या मोठ्या होड्या एकामागे एक उभ्या.

"असे बोगदे या बेटावर जागोजाग आहेत," जोना म्हणाले. "खणायला कैदी होते. तुमचेही. माझे आजोबा सांगायचे, फार बारीक झालेली माणसं. आमच्या बायका वाटेच्या कडेला पानाखाली रताळी ठेवायच्या. पकडलं तर मार बसायचा."

मी आत गेले. भिंतीवर कुदळीचे घाव अजून दिसतात. हवा कोंडलेली, ओलसर, गरम. मी जास्त वेळ थांबू शकले नाही. बाहेर येऊन बाटलीतलं सगळं पाणी प्यायले. 

बिटा पाकाचं स्मशान म्हणजे खरं तर सुंदर बाग आहे. कापलेलं गवत, लाल-पिवळी फुलं, पसरलेली मोठी झाडं आणि त्यांच्यामध्ये जमिनीलगत ओळीने बसवलेल्या धातूच्या पाट्या. कितीतरी पाट्यांवर नावच नाही, नुसतं 'हिंदी सेनेचा सैनिक'. आजोबांची पाटी सापडली. मी खाली गवतावर बसले आणि शेखरला फोन लावला.

पडद्यावर रामघाट आला. तिकडे सकाळ, मागे क्षिप्रेत डुबकी मारणारी माणसं, पायरीवर आई नव्या लुगड्यात, शेजारी गुरुजी.

"आई, ही बघ पाटी."

"वाच."

मी नाव वाचलं, पलटण वाचली. "वय तेवीस."

"किती?"

"तेवीस, आई."

आई फोनच्या अगदी जवळ आली. पडद्यावर नुसता तिचा डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती. मग तिने बाजूला पाहून विचारलं, "शेखर, आपला अनिकेत किती वर्षांचा झाला?"

"सव्वीस."

"म्हणजे हा त्याच्याहून लहान."

गुरुजींनी तिच्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं. "माताजी, पिताजी का नाम लीजिए और जल छोड़िए."

आईने तोंड उघडलं. ओंजळीकडे पाहिलं. आणि चित्र थिजलं. मी उभी राहून, हात वर करून, झाडाखालून उन्हात जाऊन सगळे प्रयत्न केले. जोना टोपी काढून लांब उभे होते. "तुंबुना बिलाँग यू?" (तुमचे आजोबा?) त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं.

कोकोपोला आल्यावर शेखरचा फोन लागला. "ताई, नेटवर्क चाललं गेलं तेव्हाच आई उठून गेली. पाणी तसंच पायरीवर सांडलं. गुरुजी बघतच राहिले. काही बोलतच नाही ना ती."

मला संताप आला. एवढे समुद्र ओलांडून मी जायचं आणि हिने उठून जायचं? परतीच्या प्रवासात मी आईशी मनातल्या मनात कडकडून भांडले. प्रत्येक विमानात नवा मुद्दा सुचत होता.

घरी आले तर आईने थालीपीठ लावलं होतं. मी बॅग ठेवली आणि विचारलं, "का उठलीस?"

ती तव्याकडेच बघत राहिली. "आयुष्यभर मी त्या माणसावर नाराज होते गं. आईला तसं ठेवून गेला. मला कडेवर घेऊन कधी बाजारात नेलं नाही. मला वाटायचं, चांगला मोठा, समजदार माणूस, मिश्यावाला, त्याने सोच-समजून आम्हाला सोडलं. आणि तू म्हणालीस तेवीस. पोरगा होता तो! त्या पोराला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. पाणी कोणत्या तोंडाने देऊ?"

 मी तिच्याजवळ पाटावर बसले.

"सांग," ती म्हणाली. "तिथे कसं आहे ते सगळं सांग." मी डोंगर सांगितला, फुलं सांगितली, पानाखालची रताळी सांगितली. तिने बोगद्याचं विचारलं. "पाणी मिळत असेल का त्यांना?" तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "थोडा वेळ आत थांबले, तर माझाच घसा सुकला, आई."

दुसऱ्या सकाळी ती स्वतःच तयार होऊन रिक्षात बसली. रामघाटावर तेच गुरुजी होते. त्यांनी आसन घातलं, ओंजळ भरली. आईने वडिलांचं नाव घेतलं, मोठ्याने, पुढे 'बाबा' लावून. पाणी सोडलं. दुसऱ्यांदा सोडलं. तिसऱ्यांदा सोडलं. गुरुजींनी तांब्या खाली ठेवला.

"बस माताजी, तीन हो गए."

आईने ओंजळ तशीच पुढे धरली. "और डालिए, गुरुजी," ती म्हणाली. "बच्चा प्यासा गया है."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि तांब्या परत उचलला.