बाबांचं पाणी

बाबा पाणी भरतात. एवढंच सांगितलं की लोक म्हणतात, बरंय की, हातपाय तरी हलतात. ऑफिसमधली एक तर "सो स्वीट" म्हणाली होती. तिला एक दिवस घरी आणून दारातच हातात फडकं द्यायचं मी ठरवून टाकलं होतं.

आधी हंडा, मग कळशी, मग बादल्या. त्या संपल्या की कुकर, पातेली, पिठाचे रिकामे डबे, पेले, माझा कॉफीचा मग. एकदा मिक्सरचं भांडंसुद्धा. भरलेलं प्रत्येक भांडं ते स्वयंपाकघरात जमिनीवर ओळीने मांडतात आणि त्यावर काही ना काही झाकतात. मी सगळं मोरीत ओतून देते, भांडी पुसून जागेवर ठेवते, लादी कोरडी करते आणि लॅपटॉपपाशी येऊन बसते. थोड्या वेळाने नळाचा आवाज येतो.

त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे नळापासून भिंतीपर्यंत पाणी सांडत जातं. त्या पाण्यात ते एकदा घसरले. वाशीच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, या वेळी वाचले, पण पुन्हा पडले तर खुबा राहणार नाही, आणि या वयात खुबा मोडला की माणूस सहसा अंथरुणातून उठत नाही. तेव्हापासून मला नळाच्या आवाजाची भीती वाटते. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी नळ सोडला तरी मी उठून स्वयंपाकघरात बघून येते.

आमचं जुनं घर घणसोली गावात, एका खोलीचं. नळ गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांत मिळून एक, आणि पाणी पहाटे जरा वेळ. आईला दमा होता, त्यामुळे पाणी बाबांकडे. ते एका कारखान्यावर वॉचमन होते. रात्रपाळी करून आले की युनिफॉर्मवरच रांगेत उभे राहायचे आणि घरातलं असेल नसेल ते भांडं भरून ठेवायचे. पाणी चुकलं तर दिवसभर घरात भांडण, आणि भांडण झालं की आईला धाप. म्हणून पाणी त्यांनी कधी चुकवलं नाही. आता मी आणि बाबा गावाला लागूनच असलेल्या टॉवरमध्ये राहतो, नळाला चोवीस तास पाणी असतं. आई कधीच गेली. मग बाबांची आठवण जायला लागली, आधी कालची, मग गेल्या वर्षीची, मग नातवंडांची नावं. राहिलं ते पाणी.

"बाबा, आता नळाला दिवसभर पाणी असतं," मी सांगायचे.

"हाय तवा भरून ठेव गो," ते म्हणायचे. "गेल्यावर काय करशील?"

मी त्यांच्याशी शाळेतलं मराठी बोलते. आमची बोली मी पाचवीत सोडली, वर्गातल्या मुली हसल्या म्हणून. बाबा तेव्हा माझी टर उडवायचे, 'आमची मास्तरीन आयली' म्हणायचे. आता तेही म्हणत नाहीत.

माझं काम समजावणं अवघड आहे. बाबा धड होते तेव्हाही त्यांना ते कधी पटलं नाही. मोठ्या कंपन्या आपला कारभार भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालवतात. लोक त्याला क्लाउड म्हणतात, पण असतात ते कॉम्प्युटरच, कुठेतरी लांब, रांगेने मांडलेले. आम्ही एकेकाला होस्ट म्हणतो. ते इतके असतात की प्रत्येकाकडे जाऊन बघणं माणसाला जमत नाही, म्हणून प्रत्येकावर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, एजंट. हा होस्ट कसा असला पाहिजे हे मी एकदाच लिहून देते. कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं सेटिंग, काय चालू, काय बंद. एजंट दर अर्ध्या तासाने लिहिलेलं आणि समोरचं ताडून बघतो, आणि कुणी काही हलवलं असेल तर मुकाट्याने पहिल्यासारखं करून ठेवतो. का हलवलं ते विचारत नाही. असे एजंट नीट बसवणं हीच माझी नोकरी.

ज्या दिवसाबद्दल सांगतेय त्या दिवशी बाबांना सांभाळणारी बाई सकाळीच काम सोडून गेली. "म्हाताऱ्याचं करायला आली होती, लादी पुसायला नाय," म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. मी कळंबोलीला भावाला फोन लावला. त्याचा ट्रेलरचा धंदा आहे, फोनवर मागे कायम हॉर्न वाजत असतात. तो म्हणाला, "मी तुला किती वेळा सांगितलं? पनवेलच्या बाजूला म्हाताऱ्यांचं सेंटर हाय. ठेवू तिकडं. पडले ना, तर तू पण मरशील आणि ते पण." मी फोन ठेवून दिला. रागाने नाही. क्षणभर मला ते बरोबर वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तेवढ्यात कामाचा फोन. औषधांच्या ऑर्डर घेणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक आहे, तिची साइट अडकली होती. कारण मला लगेच सापडलं, होस्टवर एकाच वेळी किती ऑर्डर घ्यायच्या त्याची मर्यादा फार कमी होती. रीतसर करायचं तर मी लिहून दिलेल्यात ती बदलायची, दुसऱ्या कुणीतरी ते तपासायचं, मग ते एजंटकडे जायचं. पण स्वयंपाकघरात नळ सुटला होता. मी सरळ त्या होस्टवर शिरले, हाताने आकडा वाढवला आणि उठले. साइट चालू झाली. ग्रुपवर अंगठे आले. मी फडकं घेऊन जमिनीवर बसले.

अर्ध्या तासाने साइट पुन्हा बंद. मी पुन्हा आकडा वाढवला, पुन्हा चालू. इकडे भांडी ओतून झाली, तिकडे ती परत भरली. पुन्हा साइट बंद. माझं डोकंच चालेना. कुणीतरी मुद्दाम करतंय, होस्टच बिघडलेत, माझं नशीबच फुटकं आहे, काय वाटेल ते मनात येत होतं. ओल्या हातांनी मी टाइप करत होते. बाबा स्वयंपाकघरात ओल्या लादीवर अनवाणी चालत होते, माझा एक डोळा त्यांच्या पायांवर आणि एक स्क्रीनवर. रडू येत होतं, पण एव्हाना ऑफिसचे सगळे कॉलवर आले होते.

शेवटी आमच्या मॅडमनी विचारलं, "तू हाताने बदलतेयस का?"

"हो, दोनदा."

"अगं, एजंट कुणी बसवलाय?"

"मीच."

"मग? तो आपलं काम करतोय. एक तर लिहिलेलं बदल, नाहीतर एजंट बंद कर. त्याच्याशी भांडून तू दमशील, तो दमणार नाही."

याच वेळी बाबा माझा मग काठोकाठ भरून दोन्ही हातांत धरून खोलीत आले. पाय ओले होते. मी माइक बंद न करता ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. ते जागच्या जागी थांबले, मग त्यांनी जपून मग माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर माझीच डायरी झाकली.

तिकडचं मिटलं. मी एजंट तात्पुरता बंद केला, दुसऱ्या दिवशी लिहिलेलं बदललं आणि परत चालू केला. मला असली साम्यं काढून दाखवणारी माणसं आवडत नाहीत, ऑफिसच्या ट्रेनिंगला येणारे वक्ते असंच काहीतरी बोलतात. पण लादी पुसताना मॅडमचं वाक्य डोक्यातून जाईना. बाबांच्या आत जे लिहिलंय ते बदलायला मी कुठून शिरणार होते? राहिला दुसरा मार्ग. मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, यांना शांत करणारं काहीतरी द्या, नाहीतर मला त्यांना कुठेतरी ठेवावं लागेल. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

गोळी लागू पडली. बाबा खुर्चीत बसू लागले. लादी कोरडी, भांडी फडताळात. पहिले काही दिवस मी इतकी सुखात होते की सांगायची लाज वाटते. सलग काम केलं, मीटिंगमध्ये विनोद केले, दुपारी डोळा लागला तो कुकरच्या शिट्टीने उघडला. भाऊ येऊन बघून गेला. "आता कसं बरं हाय," म्हणाला.

मग एकदा भरवताना घास त्यांच्या तोंडातच राहिला. गिळायचा असतो हे ते विसरल्यासारखे बसले होते. मी हनुवटी पुसली, हाक मारली, खांदा हलवला. त्यांनी डोळे वळवले, पण ते माझ्यापर्यंत पोचले नाहीत. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना धरून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो वाहत होतं. मी रिकामा हंडा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पाणी वाया जातंय आणि माझे बाबा बघत नाहीत! मी नळ बंद केला आणि तिथेच ओट्याला डोकं टेकून रडले. घरात मी एकटीच उरले होते.

गोळी बंद करायची म्हणून मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले; ते म्हणाले, एकदम नाही, हळूहळू कमी करू. भाऊ म्हणाला, "मग पडले तर मला फोन करू नको." करणार होतेच, त्यालाही ते माहीत होतं. मी स्वयंपाकघरात रबरी चटया अंथरल्या, भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. पडायचे ते यावरही पडू शकतात, हे मला कळतं. त्या दिवसांत मी कान लावून बसायचे आणि काहीच ऐकू यायचं नाही. गोळी कमी होत गेली तरी खुर्ची रिकामी होईना. फार उशीर केला आपण, असं वाटायला लागलं.

एका सकाळी मीटिंगमध्ये मी बोलत असताना नळ सुटला.

मी वाक्य अर्धवट टाकून धावले. बाबा ओट्यापाशी उभे होते, एक हात दांड्याला, दुसरा नळाखालच्या हंड्याला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. चटईवर पाणी साचलं होतं. मी त्यांच्या कमरेमागे हात नेला आणि तसाच ठेवला. ते पडले असते तर मला सावरता आलं असतं की नाही, माहीत नाही.

त्यांनी मान वळवली. या वेळी डोळे माझ्यापर्यंत आले. बराच वेळ त्यांनी मला न्याहाळलं.

"कोनाची गो तू?"

तुमची, असं म्हटलं असतं तर ते घाबरले असते, हल्ली घाबरतात. मी फडताळातून कळशी काढली.

"बाजूची हाय," मी म्हणाले. कित्येक वर्षांनी ती बोली माझ्या तोंडात आली. "माजी पन भराची हाय."

"मंग लाइनीन उबी रव," बाबा म्हणाले. "माजा हंडा झाला का तुजी."

आत लॅपटॉपवर कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. मी रिकामी कळशी कडेवर घेतली आणि बाबांच्या मागे उभी राहिले.