जावेने बँकेला सांगितलेलं घर

"मावशी, तुमच्या मुलीने घर लपवलंय," बँकेचा साहेब म्हणाला. "स्वतःचं घर असताना पहिलं घर म्हणून कर्ज मागितलं. नोकरी कराराची, आणि घरी विचारलं तर कायमची सांगतात. असं प्रकरण मला पुढे पाठवता येत नाही."

माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. चोरी पकडल्यासारखं तिचं तोंड झालं होतं, आणि चोरी तर केलेली नव्हती. आम्हाला घर नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मी विचारलं, कोण म्हणतं? तो म्हणाला, आमचा माणूस तुमच्या दारात चौकशी करून गेला, घरच्यांनीच सांगितलं. नाव सांगेना. मला सांगायची गरजही नव्हती. आमच्या घरात चुली दोनच, एक माझी आणि एक जावेची.

घर दिराच्या नावावर आहे. माझ्या नवऱ्याने जिवंतपणीच आपला वाटा भावाला विकला. तेव्हापासून मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो ते दिराच्या मर्जीने. मुलगी सासर सोडून आली तीही त्याच खोल्यांत. आता दिराच्या मुलाचं लग्न ठरलं, आणि दिवाळीनंतर खोल्या मोकळ्या करा असं दिराने सांगितलं. वाईट बोलला नाही, पण सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, भाड्याने जायचं न्हाई. तिथूनबी कोनी उठवील." संगमनेरला तिने एक लहान फ्लॅट पाहून ठेवला.

ती तिथेच बियाण्यांच्या एका कंपनीत गोदामाचं काम बघते. इतकी वर्षं पगार ठेकेदाराकडून यायचा. मग कंपनीने ठेकेदार काढला आणि माणसं आपल्याकडे घेतली. तिने पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, ह्यांना आत्ताच तुझा पुळका कशाला? तर निघालं की पहिलं वर्ष करारावर, काम पसंत पडलं तर पुढे कायम. खुर्ची तीच, काम तेच, पण बँकेच्या लेखी ती कालच लागलेली. ठेकेदाराकडची वर्षं धरेनात. साहेबाने तेव्हाच नाक मुरडलं होतं. जुन्या पगाराच्या पावत्या घेतल्या आणि म्हणाला, घरची चौकशी चांगली आली तर बघू. सगळं त्या चौकशीवर टांगलेलं होतं.

घरी आले तेव्हा जाऊ ओट्यावर शेंगा फोडत होती.

"बँकेच्या मानसाला काय सांगितलं गं तू?"

"कोन बँकेचा? बँकेचं कोनी आलं न्हाई."

"मोटरसायकलवर आल्ता. आमी दोघी न्हवतो तवा."

तिचा हात थांबला. "त्यो? त्यो बँकेचा हुता?"

"मग तुला कोन वाटला?"

"सोयरिकीचा वाटला, अक्का."

आमच्याकडे सोयरीक जमवायची असली की मुलाकडचा एखादा माणूस आधी गुपचूप येऊन जातो. पाणी मागतो, ओट्यावर टेकतो. मुलगी काय करते, घरचं कसं आहे, स्वभाव कसा आहे, असं गोल गोल विचारतो. मी कोण, कुठला, हे सांगत नाही. आणि ज्याला विचारलं त्याने खरं सांगायचं नसतं. भांडण असलं तरी नाही. पोरगी मार्गी लागावी म्हणून वाढवून सांगायचं. मीही कितीजणींचं सांगितलंय.

"इस्त्रीचा शर्ट, आवाज बारीक," जाऊ म्हणाली. "म्हनला, म्याडमची जरा चौकशी करायची हुती. म्या म्हनलं पोरीचं नशीब उघडलं. दोनदा चहा पाजला."

"आन् घर?"

"म्हनलं अर्धं तिचंच हाय. सासर सोडून आल्याली पोर, तीबी बिगर घराची, कोन करील?"

"आन् नोकरी?"

"कायमची म्हनलं. सायबीन हाय, म्हातारी हुईस्तोवर कोन हालवत न्हाई." ती परत शेंगांकडे वळली. "तिच्या बापाच्या तोंडून तिचं एवढं चांगलं कधी आलं न्हाई."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मी चौथीपर्यंत शिकले, ती सातवीपर्यंत. त्या माणसाच्या पिशवीवर बँकेचं नाव हे एवढं मोठं होतं, शेजारणीने मला सांगितलं. हिला ते दिसलं नाही?

संध्याकाळी दीर म्हणाला, "अक्का, मी लिहून देतो बँकेला, तुमचा ह्या घरात काही हक्क न्हाई म्हनून. खाली फक्त तुमी सही करा." लगेच. जसा कागद तयारच होता. मग मला जावेचं ते खोटंही ठरवून केल्यासारखं दिसायला लागलं. वाटा विकलेलाच होता, माझ्या सहीची त्याला गरज काय? मी म्हणाले, सही मी करत नाही. ग्रामपंचायतीचा उतारा मी आणते, त्यावर तुमचंच नाव आहे. आणि जिने सांगितलं तिने येऊन परत सांगावं.

"म्या काय सांगू? खोटं बोलले म्हनू?" जाऊ म्हणाली.

"तेच म्हन."

ती बँकेत आली. ठेवणीतलं लुगडं नेसून आली. साहेबाने उतारा पाहिला आणि तिला विचारलं, मग खोटं कशाला सांगितलं?

"सायब, तुमाला पोरगी हाय का?"

"आहे."

"मग तिच्या येळंला शेजारी खरं सांगायला लागला तर मला कळवा."

साहेब हसला. चौकशीच्या माणसाला त्याने बोलावलं. तो पिशवी घेऊनच आला. जाऊ त्याला म्हणाली, "बँकेचा हाय म्हनून आधी सांगायचं न्हवं? साखर तरी वाचली असती." मी पिशवीकडे बघितलं. नाव मोठंच होतं.

घराचा डाग निघाला. नोकरीचा काही निघेना. कंपनीचं कायमचं पत्र आलं की या, साहेब म्हणाला. लग्न झालं, खोल्या गेल्या, आणि कराराच्या वर्षाचे उरलेले महिने आम्ही गोठ्याशेजारच्या पडवीत काढले. पत्र येईल यावर माझा विश्वास नव्हता. आलं. मग कर्जही आलं. फ्लॅटची किल्ली घेताना मी बिल्डरला दार तीनदा उघडून दाखवायला लावलं.

जावेला ते नाव दिसलं होतं का, हे मी तिला विचारलं नाही. सोयरिकीच्या माणसाला देतात तसलंच उत्तर तिने दिलं असतं. ती वास्तुशांतीला आली, जेवली, आणि स्वयंपाकघर अंधारं आहे असं सांगून गेली. अंधारं आहेच.

हप्ते अजून पुष्कळ आहेत. पडवीतले ते महिने ज्यांनी काढले त्या दोघी ह्या घरात राहतात, मी आणि माझी मुलगी.