निघण्याआधीचा फोन
रस्त्यात उघड्या चेंबरमधून सडक्या अंड्यांचा वास आला, की मला व्हाइटफील्डमधल्या एका अपार्टमेंटचं तळघर आठवतं. तिथल्या सांडपाण्याच्या प्लॅन्टमधून मी दर महिन्याला पाण्याचे नमुने घ्यायचे. निघण्याआधी फोन करायचा, अशी आमच्या कामाची रीत होती. म्हणजे गेटवर खोळंबा होत नसे आणि त्यांनाही आवराआवर करता यायची. त्या दिवशी प्लॅन्ट चालवणारे अण्णा फोनवर म्हणाले, "अक्का, स्वल्प उशिरा या. तुम्ही यायच्या आत गाळाची टाकी साफ करून ठेवतो." मी त्यांच्याच कन्नडमध्ये सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि कोपऱ्यावर कॉफी प्यायला थांबले. टाकीतला विषारी वायू मोजायचं यंत्र माझ्या शेजारी बाकावर, पिशवीत होतं. मी पोचले तेव्हा अण्णांना दोरीने वर काढून फरशीवर निजवलं होतं. श्वास केव्हाच थांबला होता. त्यांचे ओले गमबूट कुणीतरी काढून भिंतीशी नीट जोडीने ठेवले होते. प्लॅन्टच्या मोटारी तशाच घरघरत होत्या. अँब्युलन्स त्यांना घेऊन गेल्यावर मॅनेजर हळूच म्हणाला, "मॅडम, आलाच आहात तर सॅम्पल घेऊन जा, नाहीतर या महिन्याचा रिपोर्ट राहील." मी बाटली भरली, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली. नमुना पास झाला. आता मी कुठेही फोन न करता जाते. वॉचमन वैतागतात, वरून परवानगी येईपर्यंत उन्हात थांबवतात. मी उभी राहते.