द्वारकाबाईंचा हात

मला द्वारकाबाईंचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी त्यांचं कौतुक करतोय असं वाटून तुम्ही मला भला माणूस समजाल.

औरंगपुऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन हजार तेराच्या दुष्काळात द्वारकाबाई देवगाव रंगारीहून शहरात आल्या. नवरा बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात लागला, मुलगी प्रेरणा शाळेत, आणि बाई स्वतः सकाळी माझ्या दुकानात झाडू-पोछा करायला. गावाकडं टँकर, इथं नळाला चौथ्या दिवशी पाणी, तरी शहर नुसतं फुगत होतं. बीड बायपासला रोज नवी इमारत उभी राहायची आणि दर दोन इमारतींआड एक कॉम्प्युटर क्लास निघायचा. पोरं माऊसवर अशी बोटं आपटायची की सहा महिन्यांत त्याचं डावं बटण कामातून जायचं.

एकदा दाबलं की दोनदा लागतं, ही त्याची नेहमीची तक्रार. बटणाखाली चिंचोक्याएवढ्या डबीत तांब्याचं एक पातं असतं. ते ढिलं पडतं. डबी उघडायची, पातं काढायचं, जरासं वाकवायचं आणि परत खाचेत बसवायचं, एवढंच काम. पण माझी बोटं जाड. चिमट्यातून पातं उडायचं ते थेट फरशीवर, आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "हे आता होत नाही, नवाच घ्या."

एका सकाळी असंच उडालेलं पातं शोधत मी टेबलाखाली रांगत होतो. द्वारकाबाईंनी झाडू बाजूला ठेवला, ओल्या बोटाला चिकटवून पातं उचललं आणि म्हणाल्या, "भाऊ, मी बघू का बसवून?"

मी हसून म्हटलं, "बघा."

पहिल्या खेपेत बसलं.

मी विचारलं तेव्हा कळलं, की बाईंनी दहा वर्षं कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर काम केलं होतं. तिथं बाया कळी नखानं सोलतात, आतले तुरे काढतात, मधल्या कोवळ्या दांडीला धक्का लागू देत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या झाडाचं फूल घासतात. "दिसाला हजार-हजार कळ्या सोलायचो," त्या म्हणाल्या. "दांडी मोडली की मुकादम लई बोलायचा. हे पातं तर काय, मोडत बी नाय."

त्या दिवसापासून माऊसचं काम त्यांच्याकडं गेलं. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, "बाई आहेत का?" मी समोर बसलेला असायचो, भिंतीवर माझं सर्टिफिकेट टांगलेलं असायचं, आणि लोक पिशवीतला माऊस छातीशी धरून बाईंची वाट बघत उभे राहायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी त्यांच्या नकळत त्यांनी केलेला माऊस उघडून पाहिला, काही चूक सापडते का म्हणून. सापडली नाही. त्यानं तर जास्तच पोटात दुखलं.

घरी सावनी, म्हणजे माझी बायको, जेवताना म्हणाली, "त्यांच्याकडून शिकून का घेत नाहीस रे?" मी ताटावरून उठलो.

दोन हजार पंधराला पुन्हा पाऊस गेला. त्याच वर्षी सिडकोतल्या अनंतरावांनी बिघडलेले माऊस पाठवले. अनंतराव कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, चाळीस मशीनचा क्लास चालवायचे. बाईंनी तीन दिवसांत सगळे माऊस करून दिले. अनंतराव इतके खूश झाले, की त्यांनी बाईंना क्लासमध्ये कायमच्या कामाचं विचारलं. वर प्रेरणाला क्लास फुकट.

त्या दिवशी बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. "आमचे हे म्हणतात, पाऊस झाला की गावाकडं जाऊ. हे काम मिळालं ना भाऊ, तर मी सरळ सांगणार, तुम्ही जावा, मी नाय येत. मला इथं लोक बाई आहेत का म्हणून इचारतात. गावात मला कोण इचारतं?"

संध्याकाळी अनंतरावांचा फोन आला. "अमेय, तुझ्याकडं दोन वर्षं आहेत बाई. माणूस म्हणून कशा आहेत? तुझ्या शब्दावर ठेवतो."

मी म्हटलं, "हात फार चांगला आहे त्यांचा. पण..."

"पण काय?"

"काही नाही. तुमच्याकडं इतकी मशीनं, दाराच्या किल्ल्या कुणाकडं तरी द्याव्याच लागणार. बघा तुम्ही."

दोन वर्षांत त्या बाईनं दुकानातला एक स्क्रूसुद्धा घरी नेला नव्हता. हे मला फोन ठेवण्याआधीही माहीत होतं. पुन्हा फोन करून शब्द मागं घेता आला असता. मी शटर ओढलं आणि घरी गेलो.

अनंतरावांनी दुसरंच कुणी ठेवलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. बद्रीनाथनं सामान बांधलं, आणि 'मी नाय येत' म्हणायला बाईंकडं काही कारण उरलं नव्हतं.

जायच्या आधी त्या दुकानात आल्या. माझी मान वर होईना. त्या म्हणाल्या, "भाऊ, अनंतराव सर भेटले व्हते. म्हणले, जागा भरली, पण तुमच्या मालकांनी तुमच्या हाताचं लई नाव काढलं. माझ्यासाठी आजवर कोणी असा शब्द टाकला नव्हता."

मग त्यांनी स्टूल ओढलं. "आता माझ्यामागं तुमची अडचण व्हईल. या, दावते." दोन दुपारी त्यांनी मला शिकवलं. चिमटा नको, नख वापरा. पातं दाबू नका, टेकवा. श्वास सोडताना बसवा, धरून ठेवाल तर हात थरथरतो. माझं बोट धरून शिकवलं त्यांनी, लहान पोराला शिकवतात तसं, आणि मी त्या बाईला खरं सांगितलं नाही.

आता माझं पातं पहिल्या खेपेत बसतं. बघणारी गिऱ्हाइकं विचारतात, "कुठं शिकलात हो हे?"

मी म्हणतो, "सवयीनं येतं."